कुत्र्याच्या मांडीवर छोटी गाठ – सुई लावून तपासावी, काढूनच टाकावी की थांबावं?

वाईकरीण

नमस्कार मंडळी, आमचा बाळू लॅब्रॅडॉर आहे, आठ वर्षांचा, वजन चौतीस किलो. परवा आंघोळ घालताना मुलीच्या हाताला त्याच्या मागच्या डाव्या मांडीवर बाहेरच्या अंगाला एक गाठ लागली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी आहे, कातडी हलवली की बरोबर हलते, वरचे केस जरा विरळ झालेत आणि रंग किंचित गुलाबी वाटतो. दाबलं तर तो ओरडत वगैरे नाही. खाणंपिणं, फिरणं, भुंकणं सगळं नेहमीसारखं.

इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले की लॅबना या वयात चरबीच्या गाठी होतातच, वाढली तर आणा. घरात आता तीन मतं झालीत. सासूबाई म्हणतात म्हाताऱ्या जिवाला कशाला कापाकापी, नवरा म्हणतो विषय संपवू, काढूनच टाकू, आणि मला कळत नाहीये की "वाढली तर" म्हणजे नक्की किती वाढली तर? किती दिवस बघायचं? ज्यांनी यातून गेलंय त्यांनी सांगा ना. झोप लागत नाही मला.

सोनचाफा

ताई, आधी शांत व्हा. आमच्या लॅबला सात वर्षांची झाल्यापासून अंगभर गाठी आल्या, छातीवर एक, काखेत एक, पोटावर दोन, सगळ्या चरबीच्या. मऊ मऊ, बोटाखाली सरकायच्या. तेरा वर्षं जगली ती आणि गेली ती मूत्रपिंडाने, गाठींनी नाही. लॅबना खरंच होतात. आमच्याकडे आई हळद आणि तेल लावायची, त्याने गाठ गेली नाही पण नुकसानही झालं नाही. महिनाभर थांबा, नाही वाढली तर सोडून द्या असं माझं मत.

रानवारा

थोडे प्रश्न विचारतो ताई. गाठ कातडीत आहे की कातडीच्या खाली? म्हणजे दोन बोटांनी कातडी उचलली तर गाठ कातडीबरोबर वर येते की कातडी वर येते आणि गाठ खालीच राहते? चरबीची गाठ बहुतेक वेळा खाली असते आणि तिच्यावरची कातडी, केस अगदी नेहमीसारखे असतात. तुम्ही लिहिलंय केस विरळ आणि रंग गुलाबी, तिथे मी अडकलो. दुसरं, तिचा आकार दिवसात कमीजास्त होतो का? सकाळी छोटी, संध्याकाळी फुगलेली असं? तिसरं, नीट उजेडात बघून घ्या की ती गोचीड नाही ना, रक्त पिऊन फुगलेली गोचीड लॅबच्या दाट केसात हुबेहूब गाठीसारखी लागते, आमच्या शेजाऱ्यांनी तिला मस समजून दवाखाना गाठला होता.

आणि आजच फोटो काढून ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं धरून, म्हणजे पुढच्या वेळी अंदाजाने बोलायला नको. कालनिर्णयवर तारीख टाका.

वाईकरीण

गोचीड नाही, ते पाहिलं. रानवारा, तुम्ही सांगितलं तसं उचलून पाहिलं, गाठ कातडीबरोबर वर येते. आकाराचं म्हणाल तर मुलगी म्हणतेय की रविवारी मोठी होती आणि आज छोटी वाटतेय, मी म्हटलं तुझा भास असेल. भास नसेल तर त्याचा अर्थ काय?

पशुवैद्य_परभणी

वाईकरीण ताई, मी पशुवैद्य आहे, कुत्र्यामांजरांचं काम करतो. न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर देता येईल आणि जरा सविस्तर देतो कारण हा प्रश्न मला रोज येतो.

पहिली गोष्ट, हाताने चाचपून गाठ कसली आहे हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. मला नाही, तुमच्या डॉक्टरांना नाही, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्यालाही नाही. चरबीची गाठ म्हणजे लायपोमा बहुतेकदा मऊ आणि कातडीखाली सरकणारी असते हे खरं आहे, पण मास्ट सेल ट्यूमर नावाची, ॲलर्जीत काम करणाऱ्या पेशींची जी कॅन्सरची गाठ आहे ती अगदी तशीच लागू शकते. कधी ती मसासारखी दिसते, कधी किडा चावल्यासारखी, कधी लालसर बटणासारखी, कधी मऊ चरबीसारखी. कुत्र्यांच्या कातडीच्या सगळ्या गाठींमध्ये साधारण १६ ते २१ टक्के मास्ट सेलच्या असतात आणि कातडीच्या घातक गाठींमध्ये तिचा नंबर पहिला. लॅब्रॅडॉर, गोल्डन, बॉक्सर, पग यांच्यात जास्त. या पेशींमध्ये हिस्टामिन म्हणजे सूज आणि लाली आणणारं रसायन भरलेलं असतं, गाठ चोळली गेली, दाबली गेली की ते बाहेर पडतं, गाठ लाल होते, फुगते आणि काही तासांनी, दिवसांनी बसते. म्हणून मुलीचं निरीक्षण भास म्हणून सोडून देऊ नका. तिने फार कामाची गोष्ट टिपली आहे. आणि कृपा करून आता घरात कुणीही ती गाठ दाबून, चोळून बघू नका.

दुसरी गोष्ट, किती थांबायचं. अमेरिकेतल्या स्यू एटिंजर या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ आहेत, त्यांनी सोपा नियम सांगितलाय आणि मी तोच पाळतो: गाठ एक सेंटीमीटरची म्हणजे वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी असेल आणि महिनाभर टिकून असेल तर सुईने तपासायची. तुमची आकारात आजच बसते, शिवाय लहानमोठी होतेय. तेव्हा महिना मोजत थांबायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट, सुईने तपासणं म्हणजे ऑपरेशन नाही. इंजेक्शनची असते तशी बारीक सुई, २२ किंवा २३ नंबरची, गाठीत घालायची, दोन-तीन दिशांना हलवायची, आत जे येईल ते काचेच्या स्लाइडवर फवारायचं, स्टेन करायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. भूल लागत नाही, टाका नाही. मास्ट सेल असेल तर जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या पेशी ठळक दिसतात, बहुतेक वेळा स्लाइडवरच निदान होतं. लायपोमा असेल तर स्लाइडवर तेलाचे थेंब दिसतात.

आणि न तपासता काढू नका. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही पण क्रम उलटा आहे. लायपोमा असेल तर कदाचित काढायचीच गरज नाही. मास्ट सेल असेल तर गाठीच्या भोवतीची निरोगी दिसणारी कातडीही बऱ्यापैकी रुंद काढावी लागते आणि खालचा एक थर. आधी माहीत नसेल तर सर्जन गाठीपुरतंच काढतो, कडेला पेशी राहतात आणि मग दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं.

कृष्णाकाठ

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्या बॉक्सरच्या पाठीवरची गाठ एका खाजगी दवाखान्यात काढली, तपासणी न करता, आणि काढलेली गाठ प्रयोगशाळेला पाठवायचीच नाही असं त्यांनी परस्पर ठरवलं. विचारलं तर म्हणाले साधी होती, टाकून दिली. चार महिन्यांत त्याच जागी, टाक्यांच्या रेषेवर पुन्हा आली आणि मग कुणालाच सांगता येईना की पहिली कसली होती. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. काढलेली गाठ ही तुमच्या कुत्र्याची आहे, ती फॉर्मेलिनमध्ये घालून प्रयोगशाळेला गेलीच पाहिजे, आधी विचारून घ्या, लिहून घ्या.

वाईकरीण

डॉक्टर, मनापासून आभार. आता एक भीती आहे ती विचारते. सासूबाईंच्या माहेरी एका नातेवाईकांना गाठ होती, सुई लावली आणि नंतर ती पसरली असं घरात सगळे सांगतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो का? आणि इथल्या डॉक्टरांकडे मायक्रोस्कोप नाही, तर कुठे न्यायचं?

पशुवैद्य_परभणी

ताई, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि मी तिला हसत नाही. कातडीच्या गाठीत बारीक सुई घातल्याने कॅन्सर पसरण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. काही ठराविक जागा आहेत जिथे आम्ही स्वतः सुई टाळतो, उदाहरणार्थ मूत्राशयाची गाठ. मांडीवरच्या कातडीच्या गाठीत ती भीती नाही. लोकांना जे दिसतं ते असं की सुई लावली आणि नंतर आजार वाढला, पण तो आजार सुईच्या आधीपासून होता म्हणून तर सुई लावली होती.

मास्ट सेल असेल तर सुईनंतर गाठ थोडी फुगू शकते, जरा रक्त येऊ शकतं, डॉक्टर हवं तर आधी अँटिहिस्टामिनचं इंजेक्शन देतात.

तुम्ही वाईत आहात म्हणजे शिरवळ जवळ. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पॅथॉलॉजीचा विभाग आहे, सर्जरीचा आहे. मुंबईची मंडळी परळला जातात, पशुवैद्यकीय कॉलेज आणि बैलघोडा हॉस्पिटल एकाच आवारात आहे. विदर्भात नागपूर, आमच्याकडे परभणी, उदगीर. सरकारी कॉलेजात रांग असते पण एकाच जागी सगळं होतं आणि खर्च खाजगीच्या मानाने बराच कमी.

एक राहिलं. जाण्याआधी कुणी "गाठ जिरायचं इंजेक्शन" देऊ केलं तर नको म्हणा. ते बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, मास्ट सेल किंवा लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) असेल तर गाठ काही दिवस लहान होते, सगळे खूश होतात आणि सुईतलं निदान अवघड होऊन बसतं.

निळावंती

मी फ्रँकफर्टला असते, इथे आमच्या कुत्रीच्या फाइलमध्ये एक कुत्र्याचं चित्र छापलेलं आहे, दोन्ही बाजूंचं, आणि वर्षाच्या तपासणीला डॉक्टर अंगावर हात फिरवून प्रत्येक गाठीची जागा, माप आणि सुईचा निकाल त्यावर लिहितात. हे घरी करायला काहीच लागत नाही, वहीत चित्र काढलं तरी चालतं. पुण्याला आईकडे जो कुत्रा आहे त्याचीही अशी वही आम्ही केलीय. आधी तपासून लायपोमा निघालेली गाठसुद्धा मोजत राहायची, अचानक वेगाने वाढली किंवा घट्ट झाली तर पुन्हा सुई.

टेकडीवरची

मी रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालते, पुण्यात, त्यामुळे गाठी खूप बघितल्यात. सगळ्याच भीतीच्या नसतात हेही सांगते. पिल्लांना आणि दोन-तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्यांना कानावर, पायावर लाल गुळगुळीत बटणासारखी गाठ येते, हिस्टिओसायटोमा, ती बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. रेबीजची लस दिल्यावर त्या जागी काही आठवडे गोळा राहतो. म्हातारी कुत्री शहाबादी फरशीवर बसून बसून कोपरावर पाण्याची पिशवी धरतात, त्यांना पोतं किंवा जुनी गोधडी घातली की बरं वाटतं. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात, ती बघून लोक घाबरून फोन करतात.

आणि लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब आणि तिथे फुलकोबीसारखी गाठ दिसली तर ती टीव्हीटी. संभोगातून, चाटण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, त्या गाठीच्या पेशीच जिवंत उडी मारतात, हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी आजही आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये फिरतायत हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते. पण ती बरी होते! व्हिनक्रिस्टिनची इंजेक्शनं आठवड्याला एक, साधारण चार ते सहा, आणि कुत्रं ठणठणीत. कुणी अशा कुत्र्याला मरायला सोडू नका, तुमच्या भागातल्या संस्थेला कळवा.

ताई, तुमच्या बाळूचं वय आणि गाठीचं वर्णन यात बसत नाही पण. तुम्ही जा शिरवळला.

वाईकरीण

जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी फार निगुतीने पाहिलं, आधी सगळ्या अंगावरून हात फिरवला, काखेत एक आणखी मऊ गाठ सापडली जी आम्हाला माहीतच नव्हती. दोन्हींना सुई लावली, बाळूने फक्त मान वळवून बघितलं, मुलीने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं.

काखेतली चरबीची निघाली, तेलाचे थेंब. मांडीवरच्या गाठीत मात्र नुसतं रक्त आलं, पेशी फार कमी, म्हणाले यावर काही सांगता येत नाही, पुन्हा घेऊ. आता घरी सगळे म्हणतायत काही निघालं नाही ना, मग झालं.

रानवारा

काही निघालं नाही आणि काही नाहीये यात फार फरक आहे ताई. रिपोर्टमध्ये "पेशी अपुऱ्या" असं असेल तर ती तपासणी झालीच नाही असं धरायचं. पुन्हा जा. काही गाठी पेशी सोडतच नाहीत, तसं झालं तर मग छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात.

पशुवैद्य_परभणी

रानवारांशी पूर्ण सहमत. दुसऱ्या वेळी सिरिंजने ओढण्याऐवजी नुसती सुई फिरवून घेतली तर रक्त कमी येतं, ते लोक करतीलच. आणि त्याच फेरीत रक्ततपासणी करून घ्या, निकाल काहीही आला तरी उपयोगी पडेल. पावसाळा संपत आलाय, गोचिडांचे दिवस आहेत.

वाईकरीण

दुसऱ्यांदा सुई लावली. मास्ट सेलच आहे.

मुलगी म्हणाली मी सांगितलं होतं ना लहानमोठी होतेय. तिचं खरं ठरलं.

गुडघ्यामागच्या लिम्फ नोडलाही (लसीका ग्रंथी, कॅन्सर पसरला तर आधी तिथे जातो) सुई लावली, तिथे काही वाईट दिसलं नाही. पोटाची सोनोग्राफी केली, प्लीहा आणि यकृत ठीक. पण रक्तात प्लेटलेट फक्त बासष्ट हजार! दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात म्हणाले. गोचीड तापाची, एर्लिकियाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताप नव्हता, जेवत होता, बाहेरून काहीच कळलं नव्हतं. म्हणजे आता ऑपरेशन लांबलं. डॉक्सिसायक्लिन सुरू केलंय अठ्ठावीस दिवस, प्लेटलेट वर आल्या की ऑपरेशन, तोवर अँटिहिस्टामिन आणि पोटाची गोळी.

सासूबाई आता जास्तच विरोधात आहेत. म्हणतात आठ वर्षं जगला, सुखाने राहू दे, भुलीतून उठलाच नाही तर? मी त्यांच्यावर चिडत नाही, बाळूला पिल्लू असताना त्यांनीच चमच्याने दूध पाजलंय. पण ठरवायचं कसं?

गोदाकाठ

आमच्या नाशिकच्या लॅबचं दहाव्या वर्षी ऑपरेशन झालंय, प्लीहा काढली, त्यामुळे भुलीबद्दल लिहिते. वय म्हणून कुणी भूल नाकारत नाही, हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त कसं आहे ते बघून ठरवतात. तुमच्या बाळूचं रक्त आधीच तपासलंय म्हणून तर प्लेटलेटचं कळलं, विचार करा ताई, त्या दिवशी नवऱ्याचं ऐकून एखाद्याने सरळ कापलं असतं तर रक्त थांबवताना काय झालं असतं. आजींना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. आमच्याकडे वडिलांचा विरोध होता, भूलतज्ज्ञांनी त्यांना कोणतं मशीन काय मोजतं ते दाखवलं, ते ऐकून घेतल्यावर वडीलच म्हणाले करा.

कृष्णाकाठ

खर्चाचंही बोला घरात मोकळेपणाने. त्यात लाज नाही. पण हिशोब करताना आत्ताच्या छोट्या गाठीचं एक ऑपरेशन आणि पुढे मोठी झाल्यावरचं ऑपरेशन, केमो, फेऱ्या असा दोन्ही बाजूंचा करा.

पशुवैद्य_परभणी

ताई, आजींचा प्रश्न योग्य आहे, त्याला उत्तर द्यायला हवं.

मास्ट सेलची गाठ सोडून दिली तर काय, हे ग्रेडवर, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे त्यावर असतं आणि ग्रेड काढलेल्या गाठीवरच कळते, सुईने नाही. २०११ पासून जी दोन ग्रेडची पद्धत वापरतात तिच्यात लो ग्रेडची कुत्री बहुतेक दोन वर्षांहून कितीतरी पुढे जगतात, पुष्कळदा या गाठीने मरतच नाहीत. हाय ग्रेडची निम्मी चार महिन्यांच्या आत जातात. आज बाळू कुठल्या बाजूला आहे हे माहीत नाही, पण गाठ एक सेंटीमीटरची आहे, नोड साफ आहे, पोट साफ आहे, मांडीवर कातडी सैल आहे. सर्जनला हवी तेवढी कड मिळते. हीच गाठ पंजाजवळ असती किंवा लिंबाएवढी झालेली असती तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. मी माझ्या कुत्र्याचं केलं असतं.

प्लेटलेटसाठी थांबणं बरोबर आहे, घाई करू नका. मास्ट सेल रक्त पातळ करणारं हेपारिनही सोडते, त्यात प्लेटलेट कमी म्हणजे रक्तस्राव. डॉक्सिसायक्लिनवर साधारण एकदोन आठवड्यांत आकडा चढतो, कोर्स मात्र पूर्ण करा. गोळी खाण्यासोबत द्या, वरून पाणी पाजा, ती अन्ननलिकेत अडकली तर जळते. शी काळी डांबरासारखी झाली, उलट्या झाल्या तर लगेच दाखवा, हिस्टामिनने पोटात अल्सर होतात. आणि माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात नाही, पॅरासिटामॉल नाही, आयब्युप्रोफेन नाही.

गोचिडांची गोळी की पाठीवर लावायचं औषध ते तिथल्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, अंगणात आणि बसायच्या जागीही फवारणी लागते.

सोनचाफा

मी वर महिनाभर थांबा लिहिलं होतं, आमचं कुत्रं डोळ्यासमोर होतं म्हणून. डॉक्टरांचं वाचून आज माझ्या दुसऱ्या लॅबच्या मानेवरच्या गाठीला सुई लावून आले. चरबीचीच निघाली, पण आता कागदावर आहे. बाळूला लवकर बरं वाटू दे.

वाईकरीण

सगळ्यांना सांगते, प्लेटलेट दोन लाखांच्या वर गेल्या आणि ऑपरेशन झालं. सासूबाई सोबत आल्या होत्या. सर्जनने त्यांना कागदावर काढून दाखवलं, एवढी गाठ, एवढी कड, खालचा हा थर, एवढा टाका. त्या एवढंच म्हणाल्या, शुद्धीवर येईल तेव्हा मला आत येऊ द्या. दिलं येऊ.

टाक्याची लांबी बघून नवरा हबकला, एवढ्याशा गाठीला जवळजवळ वीत भर टाका! मी आधी इथे वाचलं होतं म्हणून मला धक्का नाही बसला. गळ्यात कॉलर घालून दारांना धडकत फिरतोय, रात्री काढून घ्या म्हणून मागे लागतो, पण काढली नाही.

गाठ अख्खी फॉर्मेलिनमध्ये गेली, कडांना शाई लावून. कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी समोर उभं राहून डबीवरचं नाव वाचलं.

टेकडीवरची

कॉलर अजिबात काढू नका, टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस. एका रात्रीत चाटून टाके उघडतात. जेवताना ताट थोडं उंचावर ठेवा, स्टूलवर वगैरे.

वाईकरीण

रिपोर्ट आला. जुन्या तीन ग्रेडच्या पद्धतीने ग्रेड दोन, नव्या दोन ग्रेडच्या पद्धतीने लो ग्रेड. सगळ्या कडा मोकळ्या, खालचीही. पेशी विभागणीचा आकडा मायक्रोस्कोपच्या दहा फील्डमध्ये एक, म्हणजे कमी. डॉक्टर म्हणाले केमो नको, पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी दाखवा आणि घरी महिन्यातून एकदा सगळं अंग तपासा कारण एकदा मास्ट सेल झालेल्या कुत्र्याला दुसऱ्या जागी नवी होऊ शकते. मुलीने निळावंतीताईंनी सांगितली तशी वही केलीय, दोन बाजूंचं चित्र काढून, काखेतल्या चरबीच्या गाठीचं माप त्यात पहिलं लिहिलंय. ते काम आता तिचंच.

परभणीचे डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पशुवैद्य_परभणी

फार छान बातमी. यापेक्षा चांगला रिपोर्ट या आजारात मागता येत नाही. दोन महिन्यांनी प्लेटलेट पुन्हा एकदा बघा.

पारिजात_क

धागा पूर्ण वाचला आणि पोटात गोळा आला. आमची गावठी कुत्री आहे, सोनी, नऊ वर्षांची, नसबंदी केलेली नाही. मागच्या बाजूच्या सडाजवळ हरभऱ्याएवढा कडक खडा लागतोय, शेजारच्या सडाजवळ आणखी एक बारीक. दूध येत नाही. हेही सुईने बघायचं का? आम्ही कणकवलीला, इथे मोठं कॉलेज जवळ नाही.

पशुवैद्य_परभणी

पारिजात ताई, स्तनाच्या गाठींचं थोडं वेगळं आहे. नसबंदी न झालेल्या मादीत या गाठी खूप दिसतात आणि साधारण निम्म्या घातक असतात. एकाच कुत्रीत एक साधी आणि शेजारची घातक असंही होतं, म्हणून इथे सुईवर पूर्ण भरवसा ठेवत नाहीत, बहुतेक वेळा काढून दोन्ही वेगवेगळ्या डबीत प्रयोगशाळेला पाठवतात. त्याआधी छातीचा एक्स-रे करायचा, कारण पसरली तर ती बऱ्याचदा फुफ्फुसात जाते. गाठ तीन सेंटीमीटरच्या आत असताना काढली तर निकाल खूप चांगला असतो आणि तुमची तर हरभऱ्याएवढी आहे. ऑपरेशनच्या वेळीच नसबंदीही करायची का ते सर्जनला विचारा.

एक्स-रे आणि ऑपरेशनसाठी कोल्हापूर किंवा गोवा, जे सोयीचं पडेल ते. आधी तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, ते रक्त काढून ठेवतील आणि पुढे कुणाकडे पाठवायचं ते सांगतील. दहाही सड एकेक करून बघा, काखेपासून जांघेपर्यंत, आणि जिथे जिथे खडा लागतो ते लिहून न्या.

पारिजात_क

उद्या दवाखाना उघडला की नेते. मिस्टरांच्या गाडीचं बघते गोव्यासाठी.

गोदाकाठ

पारिजात, सकाळी उपाशी न्या, रक्त काढायला बरं पडतं. आणि कळवत राहा इथे.